औषध थांबवलं तरी प्लाझमिड का जात नाही

प्लाझमिड म्हणजे बॅक्टेरियाच्या मुख्य डीएनएपासून वेगळा असलेला डीएनएचा छोटा तुकडा, अँटिबायोटिकला दाद न देण्याचे म्हणजे रेझिस्टन्सचे जीन्स बरेचदा त्याच्यावर असतात. हे प्लाझमिड बॅक्टेरियाला ओझं आहे, मग अँटिबायोटिक बंद केलं की बिनप्लाझमिडचे पुढे जातील आणि रेझिस्टन्स आपोआप संपेल ना, असं तुम्ही विचारलंय. सुरवातीला ओझं असतंच, पण ते कायम राहत नाही, खरी मेख तिथे आहे.

लेन्स्की आणि बाउमा या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये याचा प्रयोग छापला. ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियामध्ये एक रेझिस्टन्सवालं प्लाझमिड घातलं, तेव्हा त्याची वाढ मंदावली. मग अँटिबायोटिक असलेल्या माध्यमात ५०० पिढ्या वाढवला, आणि नंतर बघितलं तर औषध नसतानाही प्लाझमिडवाला बिनप्लाझमिडवाल्यापेक्षा जोरात वाढत होता! आणि बदल झाला होता तो बॅक्टेरियाच्या स्वतःच्या जीन्समध्ये, प्लाझमिडमध्ये नाही. मला हा प्रयोग अजूनही थक्क करतो.

शिवाय काही प्लाझमिडं स्वतःच बंदोबस्त करून ठेवतात. ई. कोलायमधल्या एफ नावाच्या प्लाझमिडवर सीसीडीबी नावाचं विष आणि सीसीडीए हा त्याचा उतारा, दोन्हीचे जीन्स शेजारी शेजारी असतात. उतारा पेशीत लवकर तुटतो, विष टिकतं, त्यामुळे पेशी दुभागताना जिच्या वाट्याला प्लाझमिड आलं नाही तिला नवा उतारा मिळत नाही आणि विष डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला जखडून तिला मारतं.

आता रेझिस्टन्सचे जीन्स प्लाझमिडवर आले कधी, तर मरे नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले बॅक्टेरिया ह्यूजेस आणि नाओमी दत्ता यांनी नंतर तपासले, प्लाझमिडं तेव्हाही भरपूर होती, रेझिस्टन्स मात्र जवळपास नव्हता. म्हणजे गाड्या आधीपासून धावत होत्या, माल आपल्या औषधांच्या काळात चढला, तोही ट्रान्सपोझॉन म्हणजे उड्या मारणाऱ्या जीन्सवरून. एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांना दाद न देणारे जीन्स सोबत बसतात, जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीच्या शिगेलात हेच दिसलं, त्यामुळे एक औषध थांबवून भागत नाही, दुसरं चालू असलं तरी सगळा संच टिकतो.

पण म्हणून औषधावर बंदी घालणं फुकट असं अजिबात नाही हं. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा एमसीआर-१ जीन २०१५ मध्ये चीनमधून समोर आला, तिथे २०१७ मध्ये जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं बंद झालं आणि डुकरांमध्ये तो बराच कमी झाला. आपल्याकडेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्यावर बंदी आली. चीनमध्ये कमी झाला, संपला नाही, आणि का संपला नाही त्याची कारणं वर लिहिलीच आहेत.