200 डॉलरचा टॅक्स गेला, कोर्टात केसही चालू आहे, मग टेक्ससमध्ये सप्रेसर (बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी) रजिस्टर न करता घेतला तर चालेल का?

नाही चालणार. 1 जानेवारी 2026 पासून टॅक्स शून्य झाला, पण फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे, एटीएफची (बंदुकांवर नजर ठेवणारं फेडरल खातं) मंजुरी हे सगळं आहे तसंच आहे. तुमचं ते "केस चालू आहे" वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच वाक्यावरून माझं आणि माझ्या साडूचं तीन वर्षं वाजलंय.

जानेवारी 2023 मध्ये एटीएफने पिस्तुलाच्या ब्रेसचा, म्हणजे मागे लावायच्या आधाराचा, नियम काढला. ब्रेस मुळात अपंग माजी सैनिकाला एका हाताने नेम धरता यावा म्हणून निघालेला, एटीएफनेच आधी त्याला हरकत नाही म्हणून सांगितलेलं, आणि आता ब्रेसवाली बहुतेक पिस्तुलं एकदम 'शॉर्ट बॅरल रायफल' ठरली, म्हणजे मशीनगन आणि सप्रेसरसारखी, रजिस्ट्रेशन लागणाऱ्या 1934 च्या कायद्याखाली. 31 मेपर्यंत रजिस्टर करा, नाहीतर ब्रेस काढा. आम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली पिस्तुलं. माझा सिटिझनशिपचा अर्ज चालू होता, मी गपचूप ठसे देऊन रजिस्टर केलं. मग ओक्लाहोमात मित्राच्या रँचवर न्यायचं तरी आधी एटीएफची लेखी परवानगी. साडू म्हणाला, फोर्ट वर्थच्या कोर्टात केस आहे, नियम उडणार, कशाला स्वतःहून नाव देतोस? त्याने काहीच केलं नाही.

जून 2024 मध्ये त्याच कोर्टाने नियम रद्द केला. त्या दिवाळीला सगळे जमलेले असताना, माझ्या मुलांसमोर तो म्हणाला, "घाबरला आणि यादीत नाव घालून बसला." मला ते अजून लागतं.

निकाल त्याच्या बाजूने लागला, पण वागला तो चूकच. सुरुवातीचे मनाई हुकूम केस करणाऱ्यांपुरते आणि त्यांच्या संघटनांच्या मेंबरांपुरते होते, हा कुठल्याच संघटनेत नव्हता. त्या महिन्यांत कोणी पकडलं असतं तर 10 वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. नशिबाने वाचला आणि त्यालाच अक्कल म्हणतो.

कॅन्ससचं बघा. 2013 मध्ये राज्यानेच कायदा केला की आमच्याकडे बनलेल्या आणि राज्यातच राहणाऱ्या बंदुकांना, सप्रेसरला फेडरल कायदा लागत नाही. त्यावर विश्वास ठेवून एका दुकानदाराने सप्रेसर विकले, एकाने घेतला, दोघंही फेडरल कोर्टात दोषी ठरले, 2018 मध्ये अपील हरले आणि सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच घेतली नाही. टेक्ससनेही 2021 मध्ये तसलाच कायदा केलाय, त्यासाठी एटीएफवर केसही केली, ती 2024 मध्ये 'तुम्हाला दाद मागायचा हक्कच नाही' म्हणून परत आली. आणि लुइझियानातल्या एकाकडे रजिस्टर न केलेला सप्रेसर सापडला, त्याची शिक्षा 2025 मध्ये फिफ्थ सर्किटने, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टाने, कायम ठेवली. टेक्सस ह्याच सर्किटमध्ये येतं, हे लक्षात ठेवा.

आता माझं मत विचाराल तर सप्रेसर 1934 च्या कायद्यात असायलाच नको. बंदुकीचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो, सप्रेसरने वीस-तीस कमी होतो, ही कान वाचवायची वस्तू आहे, माझ्या डाव्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते म्हणून सांगतो. टेक्सस आणि मिझुरीत ज्या केसेस टाकल्यात त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो: 1937 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा टॅक्स म्हणून टिकवला, आता टॅक्सच नाही तर रजिस्ट्रेशन कशाच्या जोरावर? पण मला पटून काय उपयोग, जज्जला पटलं पाहिजे, आणि तेही वरपर्यंत टिकलं पाहिजे.

मी वकील नाही. उद्या न्यू जर्सी, इलिनॉय किंवा कॅलिफोर्नियात नोकरी लागली तर रजिस्टर केलेला सप्रेसरही तिथे नेता येत नाही. आणि हे आधीच लिहायला हवं होतं, तुम्ही एच-1बी वर असाल तर सप्रेसर राहू दे, व्हॅलिड हंटिंग लायसन्स वगैरे ठरावीक सवलतीत बसत नसाल तर साधी बंदूकही जवळ ठेवता येत नाही, रेंजवर मित्राची हातात घेतली तरी अडचण.

माझी सिटिझनशिपची शपथ ऑक्टोबर 2023 मध्ये झाली. इंटरव्ह्यूला कधी कायदा मोडलाय का विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. साडूला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं, तो वीस वर्षांपूर्वीच सिटिझन झालेला.