नाव तुमचं, हुकूमनामा दुसऱ्यावर

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक आहे, वय ६६. पुण्यातल्या धायरीत २००३ साली घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारे एक गृहस्थ नगर रस्त्याला बांधकामाचं साहित्य पुरवायचे. एका लोखंड व्यापाऱ्याने त्यांच्यावर २०१६ मध्ये पैशांचा हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूम, मिळवला. गेल्या फेब्रुवारीत बेलीफ माझ्या दारावर जप्तीचा कागद चिकटवून गेला. ते गृहस्थ मी नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं, सोसायटीच्या चेअरमननीही सांगितलं. विषय मिटला असं समजलो. आता गेटवर लिलावाची नोटीस लागली आहे. फ्लॅट विकायचा म्हणून मी एका गिऱ्हाइकाकडून विसार घेऊन बसलो आहे. मेहुणे म्हणतात, लगेच मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. चूक त्यांची असताना मी कोर्टात का जावं?

उत्तर : जावं लागेल, आणि लिलावाच्या तारखेआधी जावं लागेल. ती तारीख तुमच्या पत्रात नाही. दोन पानी पत्रात नेमकी तीच लिहायची राहावी याचं मला नवल वाटलं नाही, कारण फेब्रुवारीपासूनचा तुमचा सगळा कारभार त्याच धर्तीचा आहे.

नावं जुळल्यामुळे गोत्यात आलेल्यांची पत्रं सारखी येत असतात. कुणाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, शेजारच्या गावच्या नामबंधूच्या सोसायटी कर्जाचा बोजा चढलेला असतो. कुणाचं गृहकर्ज दुसऱ्याच्या थकलेल्या हप्त्यांपायी अडतं. या कर्जवाल्यांना निदान एक सोय आहे: तक्रार दिल्यावर तीस दिवसांत पतनोंद दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तिथे उशिराचा भुर्दंड समोरच्याला बसतो. तुमच्या प्रकरणात तो तुम्हालाच बसणार आहे.

तुम्ही ते गृहस्थ नाही, हे मी धरून चालते. पत्रातलं एक अख्खं पान तुम्ही तेच पटवण्यात घालवलंत, त्याची गरज नव्हती. सगळं अडलंय ते दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २१, नियम ५८ च्या परंतुकावर, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादावर. मूळ नियम तुमच्या सोयीचा आहे. जप्त केलेली मिळकत या हुकूमनाम्याखाली जप्त होऊच शकत नाही, अशी हरकत त्रयस्थ माणूस घेऊ शकतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर मालकीचा प्रश्नसुद्धा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, चालवणाऱ्या कोर्टानेच ऐकून निकालात काढायचा असतो, हरकतदाराला वेगळा दावा लावायला पाठवायचं नसतं. पण मग परंतुक येतं. हरकत दाखल होण्याआधी मिळकत विकली गेली असेल तर ती हरकत ऐकायची नाही. आणि ती मुद्दाम किंवा विनाकारण उशिरा घेतली आहे असं कोर्टाचं मत झालं, तरीही ऐकायची नाही.

खरे मालक कोण, हा प्रश्न या दोन अटी ओलांडल्यावर येतो. तुमच्याकडे खरेदीखत आहे, इंडेक्स टू आहे, सोसायटीचा भागदाखला आहे, सगळं मान्य. हरकत अर्जच ऐकला गेला नाही तर त्या कागदांकडे त्या टप्प्यावर कुणी बघणार नाही. लिलाव पुकारला गेला पण विक्री अजून कायम झालेली नाही, अशा मधल्या अवस्थेतही हरकत ऐकता येते असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निर्णय आहे. तो मी तुम्हाला सांगते आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तोवर बोली लावून पैसे भरलेला एक तिसरा माणूस प्रकरणात आलेला असतो आणि तोही वकील देतो.

आता फेब्रुवारीचा कागद. स्थावर जप्तीच्या हुकमात फक्त ‘मिळकत विकू नका’ एवढंच नसतं. लिलावाच्या अटी ठरवण्यासाठी कोर्टात अमुक तारखेला हजर राहा, असंही त्यात असतं. ती तारीख तुम्ही वाचली नाहीत, कारण कागद ‘आपला नव्हे’. बेलीफाला तोंडी सांगून विषय मिटला हे तुम्ही कशावरून ठरवलंत? बेलीफ हुकूम बजावतो, बदलत नाही. त्याच्यापाशी हरकत घेणं म्हणजे पोस्टमनपाशी बँकेची तक्रार करण्यासारखं आहे.

तरी त्या दिवसाचा एक उपयोग होऊ शकतो. बेलीफाने जप्तीचा पंचनामा केला असेल, अहवाल नाझर कचेरीत, म्हणजे बेलीफांचं काम पाहणाऱ्या कोर्टाच्या कचेरीत, दिला असेल, आणि तिथून तो दरखास्तीच्या कागदांत गेला असेल. तुमचं आणि चेअरमनांचं बोलणं त्याने एका ओळीत जरी नोंदवलं असेल, तरी ती ओळ तुमच्यासाठी सोन्याची आहे. ‘विनाकारण उशीर’ या आक्षेपाला तुमच्याकडे तेवढंच खणखणीत उत्तर असेल: हरकत पहिल्याच दिवशी सांगितली होती, लेखी दिली नाही हा अडाणीपणा झाला, लबाडी नव्हे. शिवाजीनगरच्या न्यायालयात नक्कल विभागात तातडीचा अर्ज करून त्या अहवालाची आणि रोजनाम्याची (तारखांना झालेल्या कामकाजाच्या नोंदींची) प्रमाणित नक्कल काढा. बेलीफाने काहीच लिहिलं नसेल, तर चेअरमनांचं प्रतिज्ञापत्र करा. मधल्या महिन्यांचा हिशेब अर्जात सरळ द्या. आजारपण बिजारपण रचू नका. उलटतपासात ते टिकत नाही आणि मग खरं नावही खोटं वाटू लागतं.

तुमच्यासारखे लोक बेफिकीर का राहतात, ते मला ठाऊक आहे. कोर्टाचं काम दहा-दहा वर्षं चालतं, आपल्यापर्यंत यायला अवकाश आहे, असा सगळ्यांचा समज. तो अनुभवातूनच आलेला आहे, त्यामुळे त्याला हसता येत नाही. पैशांच्या हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. त्यानंतर देशभरातून जी माहिती गोळा झाली तीत आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं निघालं, आणि त्यात सर्वात मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा. तुमच्या व्यापाऱ्याचीही दरखास्त अशीच वर्षानुवर्षं तारखा खात पडलेली असणार. पण विक्रीची जाहीर घोषणा कोर्टाच्या फलकावर लागली, की स्थावराच्या लिलावासाठी त्यानंतर किमान पंधरा दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि बस, एवढंच. इतकी वर्षं रेंगाळलेली दरखास्त शेवटच्या पंधरवड्यात धावते.

म्हणून तुम्ही ज्याला ‘लिलावाची नोटीस’ म्हणता तो कागद नेमका कोणता, ते बघा. घोषणेच्या अटी ठरवण्यासाठी हजर राहा, अशी नियम ६६ खालची नोटीस असेल तर थोडी उसंत आहे. तारीख, वेळ आणि मिळकतीचं वर्णन असलेली घोषणाच असेल तर उसंत नाही. चेअरमननी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय म्हणता, तो मोठा करून वाचा. दरखास्त क्रमांक त्यातच मिळेल. त्यावरून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते, मात्र तिथली नोंद मागे पडलेली असू शकते, त्यामुळे वकिलाने कोर्टात प्रत्यक्ष बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी, पाहावा. हरकत अर्जासोबतच, हरकतीचा निर्णय होईपर्यंत विक्री थांबवावी असा नियम ५९ चा अर्ज द्या आणि तो त्याच दिवशी बोर्डावर घ्यायला सांगा. नुसती हरकत दाखल झाली म्हणून लिलाव आपोआप थांबत नाही. समोरचा म्हणणे द्यायला मुदत मागेल. द्यायला हरकत नाही, पण तोपर्यंत विक्री थांबवल्याचा आदेश लेखी हवा.

अर्जात सिद्ध काय करायचं? माझ्या आयुष्यातली कितीतरी प्रतिज्ञापत्रं ‘दोन नावांची ही एकच व्यक्ती’ हे सांगण्यात गेली: शाळेच्या दाखल्यावर दत्तू, पेन्शनच्या कागदावर दत्तात्रय. इथे उलटं सांगायचंय, आणि ते जास्त कठीण आहे. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तीन पदरी नाव असल्यामुळे ते एकमेव असणारच अशी लोकांची खात्री असते. हवेली तालुक्यात ही खात्री सपशेल खोटी ठरते. चार-पाच आडनावं आणि दहा-बारा देवांची नावं यांतून किती वेगळे माणूस निघणार? बहुधा डिक्रीदाराच्या, म्हणजे हुकूमनामा मिळवणाऱ्या व्यापाऱ्याच्या, बाजूने कुणीतरी मिळकतकराच्या नोंदींत किंवा निबंधकाकडच्या नोंदींत नाव शोधलं, तुमचा फ्लॅट सापडला, आणि शोध तिथेच थांबवला.

तुमचा आधार मूळ दाव्याच्या शीर्षकात आहे. दाव्यात प्रतिवादीचं नाव, वर्णन आणि राहण्याचं ठिकाण द्यावंच लागतं. आपल्या कोर्टांत ते ‘वय, धंदा, राहणार’ अशा तीन शब्दांत उरकतात. तिथे ‘धंदा : बांधकाम साहित्य पुरवठा, राहणार : नगर रस्ता’ असं असेल तर अर्धं काम झालं. दुर्दैवाने आमचे वकीलबंधू तिथे बऱ्याचदा ‘वय : सज्ञान, धंदा : व्यापार’ एवढंच ठोकून देतात. दहा वर्षांनी एखाद्या चित्रकला शिक्षकाला त्याची किंमत मोजावी लागते.

निवडणुकीचा कायदा याबाबतीत शहाणा निघाला. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर त्यांचा धंदा किंवा राहण्याचं ठिकाण जोडून फरक दाखवा, असं १९६१ च्या नियमांतच आहे. २०१४ साली रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. पुढच्या वर्षीपासून आयोगाने यंत्रावर उमेदवारांचे फोटोही लावायला घेतले. जप्तीच्या हुकमावर फोटो लावा असं मी म्हणत नाही, पण पॅन क्रमांक मागायला काय जातं?

तर मूळ दाव्याच्या फाइलची नक्कल काढा आणि त्यातल्या सह्या बघा: वकीलपत्रावरची, कैफियतीवरची (प्रतिवादीच्या लेखी उत्तरावरची), मालाच्या पावत्यांवरची. तुमच्या सेवापुस्तकातल्या सहीशी त्या जुळणार नाहीत. सह्यांची तुलना कोर्ट स्वतः करू शकतं, साक्ष अधिनियमातलं जुनं कलम ७३ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७२ आहे. त्या गृहस्थांचा पॅन किंवा व्हॅट क्रमांक पावत्यांवर मिळाला तर वाद लवकर आटपेल. ते स्वतः सापडले आणि ‘ऋणको मी आहे’ असं सांगायला तयार झाले तर उत्तमच, पण त्यांच्या मागे धावण्यात दिवस घालवू नका. अर्ज नियम ५८ सह कलम ४७ (बजावणीतल्या वादांबद्दलचं) खाली करायचा की नुसता ५८ खाली, हे तुमच्या वकिलांनी फाइल पाहून ठरवावं. मी फाइल पाहिलेली नाही.

पत्राच्या शेवटी ताजा कलम घालून तुम्ही लिहिलंय की पूर्वी, बहुधा शाळेत असतानाच, कोर्टाचा एक कागद घरी आला होता आणि तो ‘सही करून ठेवून दिला’. हे वाक्य पहिल्या ओळीत हवं होतं. तो मूळ दाव्याचा समन्स असेल आणि दाव्यात तुमचाच पत्ता असेल, तर हुकूमनामा एकतर्फी आणि कागदोपत्री तुमच्यावरच झालेला असण्याचा धोका आहे. मग मार्ग वेगळा, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याचा, आदेश ९ नियम १३ चा. त्याला मुदत तीस दिवसांची, आणि समन्स रीतसर बजावलाच नव्हता तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तुम्ही तर सही केलीत. तिथे काय होईल हे फाइल पाहिल्याशिवाय मीच काय, कुणीही सांगू नये.

बक्षीसपत्र करू नका. घरातल्या घरात दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर काम होतं म्हणून मेहुण्यांना ते सोपं वाटतंय. जप्तीनंतर केलेलं खासगी हस्तांतर त्या जप्तीखालच्या मागणीपुरतं रद्दबातल असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६४ तसं स्पष्ट सांगतं. फ्लॅट वाचणार नाहीच, वर डिक्रीदाराचा वकील कोर्टाला विचारेल की ऋणको नसलेल्या माणसाला मिळकत घाईघाईने मुलीच्या नावावर करायची गरज का पडली. त्याला काय सांगाल?

नुकसानभरपाईचं विचारलंत. खोट्या किंवा त्रासदायक मागणीबद्दल दरखास्तीतही कलम ३५-अ खाली खर्च मिळू शकतो, त्याची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. तेवढ्यात पुण्यात झेरॉक्स आणि रिक्षाच भागतील. वेगळा दावा करता येईल का, तो परवडेल का, हे फ्लॅट सुटल्यावर बघू. तुमच्या पेन्शनला या हुकूमनाम्याने हात लागत नाही, ती भीती सोडा.

विसार देणाऱ्या गिऱ्हाइकाला जप्तीचं लेखी कळवा, आजच. त्यांच्या वकिलाने स्वतः शोधून काढलं तर ते फसवणुकीची भाषा करतील, आणि जप्तीचा कागद फेब्रुवारीत तुमच्याच दारावर होता हे नाकारता येणार नाही. मुदत वाढवून मागा, ते तयार नसतील तर विसार परत करा आणि पावतीवर तशी नोंद घ्या. जप्ती उठल्याचा आदेश हाती आल्यावर त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडे आणि सोसायटीत देऊन मगच खरेदीखताची तारीख धरा.