बायको गरोदर आहे, मिश्री सुटत नाही, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला पाचवा महिना आहे, दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावते, डबी लपवते, रागावलं की रडत बसते, तर केंद्रात ठेवू का. नुसत्या मिश्रीसाठी ॲडमिट करायची गरज नसते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत बाईमाणसाला वेगळी खोलीसुद्धा नसते, पोटुशी बाई तर लांबच राहिली. ऐकीव सांगत नाहीये, जाऊन आलेय.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर धुळ्याकडे. माहेरी आजी लावायची पण मला डबीला हात लावू देत नव्हती. मला लागली सासरी, पहिल्याच वर्षी दाढ ठणकायला लागली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या बोटाने लावून दिली. त्या मिश्री घरीच करायच्या, मागच्या अंगणात तीन दगडांवर फुटका तवा ठेवून तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, सगळं घर ठसकायचं, शेजारची म्हातारी भिंतीवरून ओरडायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची. पहिल्या दिवशी मला गरगरलं, उलटी झाली. महिन्याभरात अशी गत की सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होईना. दात घासणं हा नुसता बहाणा हो. मागच्या दारी उंबऱ्यावर बसायचं, बोट तोंडात, तेवढा वेळ कोणी काम सांगत नाही, अख्ख्या दिवसात तेवढीच बसायला मिळायची.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तंबाखू खाता का? मी म्हटलं नाही. मला ते खोटं वाटलंच नाही, मी खात कुठे होते, लावत होते! तुमच्या बायकोनेही असंच सांगितलं असणार. तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना सरळ 'मिश्री लावते का, किती वेळा' असं विचारायला सांगा, पण तुम्ही खोलीच्या बाहेर थांबा.

तर मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी, १ किलो ९०० ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली. बाहेर दीर, नणंद, मामेसासरे सगळे उभे आणि आमचे हे सगळ्यांदेखत म्हणाले, हिच्या मिश्रीनं झालं. गालात पुडी होती तेव्हा त्यांच्या, बोलताना थुंकी सांभाळत होते. सासूबाई, ज्यांनी लावून दिली त्या, पदर तोंडाला लावून गप्प. मी टाके सांभाळत भिंतीला धरून उभी. तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही, आज लिहिते. मुंबईत बायकांवर एक अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला, मिश्री-तंबाखूवाल्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली होती. बाळ निदान अडीच किलोचं हवं म्हणतात, म्हणजे माझ्या पोरीला ६०० ग्रॅम कमी पडले. त्यातले १०५ माझे, कबूल. बाकीचे कोणाचे? आठव्या महिन्यापर्यंत मी कापूस वेचत होते, हिमोग्लोबिन ७ होतं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं वरण पातळ करून खायचे. ते कोणी लावलं माझ्या दाताला?

घरी आल्यावर हे मला एका केंद्रात घेऊन गेले. हॉलमध्ये सगळे दारूवाले पुरुष, मी सव्वा महिन्याची बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला, मांडीवर पोर. टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, यांना म्हणाला, लेडीजचं आमच्याकडे नसतं, घरीच जरा धाकात ठेवा. धाकात राहून काय झालं, डबी गव्हाच्या कोठीत गेली. व्हिक्सची रिकामी डबी होती, कोठीत कोपरापर्यंत हात घालायचे.

सुटली ती दुसऱ्या खेपेला. आमच्या आशाताई सिव्हिलला तंबाखू सोडवायची खोली असते तिथे घेऊन गेल्या. तिथल्या मॅडमने भाषण दिलं नाही, फक्त विचारलं, कोणत्या कोणत्या वेळेला लागते? सकाळची, दुपारच्या जेवणानंतरची आणि भांडण झाल्यावरची. एकेका वेळेचा बंदोबस्त केला. सकाळी कोमट पाणी आणि डॉक्टरला विचारून इसबगोल, दुपारी भाजलेली बडीशेप, भांडणावर काही औषध नव्हतं. तारीख ठरवली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचा सोमवार. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकटचा नंबर आहे, त्यावरही बोलायचे. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ, झोप नाही, भांडी आपटली, पोरीला विनाकारण धपाटा दिला, त्याचं अजून वाईट वाटतं. तिसऱ्या आठवड्यात हलकं वाटलं. मात्र मी अट घातली होती, तो तवा घरातून जाईल. सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. आशाताईंनी समजावलं तेव्हा तवा भंगारात गेला आणि त्यांची डबी शेजारी म्हातारीकडे गेली. मुलगा २ किलो ७०० भरला.

आणि हे सगळे विसरतात, बाळंत झाल्यावर परत लागते. मी माहेरी होते, रात्रभर जागरण, पोट चार दिवस गच्च, मावशी म्हणाली, 'जराशी लायी ले वं, पोट साफ व्हई जाई.' लावली. अकरा दिवस लावली, मग परत त्याच नंबरवर फोन. त्यामुळे बाळ झालं की जिंकलो समजू नका, उलट तेव्हा तिच्याजवळ बसा, रात्री एकदा तरी पोर तुम्ही घ्या. दुधातून निकोटीन जातं हे खरं, पण म्हणून अंगावरचं दूध तोडून बाटली लावायची नाही, आमच्याकडे तेही सुरू झालं होतं.

वरच्या १०५ ग्रॅमच्या हिशोबावर डॉक्टर लोक हसतील. तो सरासरीचा आकडा आहे, एका बाळाचा नाही, आणि मिश्रीने रक्तही कमी होतं म्हणतात, म्हणजे त्या ७ मध्येही माझा वाटा असेल. असू दे. मिश्री वाईटच, गरोदरपणात एकदम बंद केली तरी बाळाला धोका नाही. पण निकोटीनच्या च्युइंगम-गोळ्या मेडिकलमधून मनाने आणू नका.

दारू असेल तर मात्र माझं काही ऐकू नका. रोज पिणाऱ्या बाईची दारू घरात कोंडून एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, पोटातल्या बाळासकट जिवावर बेततं, तिथे दवाखान्यात ॲडमिटच करावं लागतं. १४४४६ या सरकारच्या व्यसनमुक्तीच्या नंबरवर विचारा. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे, गरोदर बाईला घेतात का ते आधी फोन करून विचारा, उगाच इतक्या लांब नेऊ नका.

बाकी प्रश्नात बायकोचं तुम्ही दिवसातून किती वेळा ते मोजून लिहिलंय. स्वतःचं काहीच नाही लिहिलं. पुडी खाता का तुम्ही?