नव्या कार्यकर्तीसाठी दोन शब्द

इंदूरच्या रामबाग, नारायण बागेतल्या घरांत जायला लागशील तेव्हा पहिल्याच भेटीत फॉर्म काढू नकोस. आजींनी दिलेला चहा घे, औषधांचा डबा बघ, रात्री सोबतीला कोण असतं ते विचार. खरी गरज त्यातूनच कळते.

कागदांत आधी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, बघ. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन त्यावरच अडतं, आणि आपल्या मराठी घरांत नावांचा घोळ फार: एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर गायब. आधारशी नाव जुळवून घे, मगच अर्ज भर. सत्तरी पूर्ण झालेल्यांचं आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य कार्ड काढ. वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. ‘आपल्याला कुठलं मिळायला’ म्हणून मध्यमवर्गीय आजी-आजोबा गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे त्यांचं सरकारी ओळखपत्र, तर हवंच. पण बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एक गोष्ट आवर्जून सांग: मूल 18 वर्षांचं झालं की पालकत्व कायद्याने आपोआप पुढे चालत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) 1999 च्या कायद्याखाली पालक नेमून घ्यायला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळत असतो. तिथे घाई करू नकोस, बसून ऐक.

ज्येष्ठांसाठी 14567 हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटव. एखाद्या मुलाला त्रास होतोय अशी शंका आली, तर स्वतः उलटतपासणी न करता लगेच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला कळव.