वाचकांचे प्रश्न: सुप्रीम कोर्टाचे निकाल वर्गात कसे शिकवायचे?

प्रश्न: मी बार्शी तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. न्यायव्यवस्थेचा धडा आला की मुलं न्यायाधीशांची संख्या, निवृत्तीचं वय वगैरे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मला काही गाजलेले निकाल सांगायचेत, पण या वयाला झेपतील असे कोणते? आणि एका तासात बसायला हवं. – एक शिक्षिका

उत्तर: ताई, पहिला निकाल शाळेतलाच घ्या. 1985 साली केरळमधल्या एका शाळेत तीन भावंडं होती, दोन बहिणी आणि एक भाऊ. राष्ट्रगीताला ती सगळ्यांबरोबर नीट उभी राहायची पण गायची नाहीत, कारण ती जेहोवाज विटनेसेस या पंथातली आणि आपल्या देवाच्या प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कुठल्या विधीत सामील व्हायचं नाही ही त्यांची श्रद्धा. कितीतरी दिवस कुणाचं काही म्हणणं नव्हतं, मग एका आमदारांनी विधानसभेत विषय काढला, चौकशी झाली, चौकशीत निघालं की मुलं सरळ आहेत आणि राष्ट्रगीताचा अपमान काही त्यांनी केलेला नाही, तरीही वरून सूचना आली आणि तिघांना शाळेतून काढून टाकलं. हायकोर्टातही ते हरले.

इथे गोष्ट थांबवा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, तुम्ही न्यायाधीश असता तर काय केलं असतं, आणि का, एका ओळीत. "का" लिहिल्याशिवाय चिठ्ठी घ्यायची नाही. वर्ग दोन्हीकडे वाटला जातो आणि मुलं अशी तावातावाने बोलतात की शेजारच्या वर्गातून बघायला येतात, येऊ दे.

मग निकाल सांगा. 11 ऑगस्ट 1986 ला सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. कोर्टाने आधी विचारलं की राष्ट्रगीत गायलंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठेच नव्हतं, शिक्षण खात्याची परिपत्रकं होती आणि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. उभं राहून ती आदर दाखवतच होती. अनुच्छेद 19 चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि 25 चं धर्मस्वातंत्र्य या दोन्हींच्या आधारे मुलांना शाळेत परत घ्या असा आदेश झाला. आता चिठ्ठ्या परत वाचा, कुणाचं कारण कोर्टाच्या कारणाच्या जवळ गेलंय ते मुलांनाच शोधू दे. ज्यांचं मत वेगळं आलं त्यांना चुकलात म्हणू नका, केरळ हायकोर्टाचंही मत वेगळंच होतं की.

दुसऱ्या तासाला शाळेतली खिचडी घ्या. 1995 ला केंद्राची योजना आली पण बऱ्याच राज्यांत शिजवलेलं अन्न न देता महिन्याचं कच्चं धान्य घरी द्यायचे. 2001 साली पीयूसीएल या संघटनेची याचिका कोर्टात आली, एकीकडे सरकारी गोदामं धान्याने भरलेली आणि दुसरीकडे लोक उपाशी हे कसं चालतं असा प्रश्न होता, आणि 28 नोव्हेंबर 2001 ला कोर्टाने सांगितलं की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान 300 कॅलरी, वर्षाला किमान 200 दिवस. आपल्या ताटात जे येतं त्यामागे कोर्टाचा आदेश आहे हे कळलं की मुलं स्वतःहून विचारतात, अजून काय काय आहे असं? आणि हो, सुप्रीम कोर्ट दिल्लीत टिळक मार्गावर आहे हेही सांगा, आपल्या मुलांना ते फार आवडतं.

प्रश्न: मुंबईतल्या माझ्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं झोपडपट्टीतली आहेत. ओल्गा टेलिस निकाल शिकवावा का? मुलांना लागेल अशी भीती वाटते. – एक शिक्षक

उत्तर: शिकवा, जरूर शिकवा, पण अर्धा सांगू नका. 1981 मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर काढायचं ठरलं तेव्हा ती माणसं आणि त्यांच्या बाजूने ओल्गा टेलिस ही पत्रकार कोर्टात गेली. 1985 ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. पुस्तकं इथेच थांबतात. पण त्याच निकालात पालिकेचा हटवण्याचा अधिकार कायम ठेवला, फक्त पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितलं. हक्क मान्य झाला आणि झोपडी मात्र गेली, असं कसं, हे मुलं विचारणारच. झोपडपट्टीतली मुलं तर सगळ्यात आधी विचारतील, कारण त्यांना नोटीस म्हणजे काय ते माहीत असतं. त्यांना बोलू द्या, तुम्ही कमी बोला.

प्रश्न: मी अकरावीत आहे. केशवानंद भारती केसमध्ये नक्की कोण जिंकलं? आणि ती मूलभूत संरचना संविधानात कुठे लिहिलीय? मला सापडली नाही. – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: सापडणार नाही, कारण त्या नावाचं कलमच नाही. तू संविधान उघडून शोधलंस हे मला खूप आवडलं, बरेच जण गाइडवरच भागवतात.

केशवानंद भारती हे केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी. राज्याच्या जमीन सुधारणा कायद्यामुळे मठाची जमीन जाणार होती म्हणून ते कोर्टात गेले, बाजू मांडली नानी पालखीवालांनी. पण तोवर प्रश्न एका मठाचा राहिलाच नव्हता. संसदेला संविधान बदलता येतं, मग ते कितीही बदलता येतं का? निवडणुकाच नकोत, कोर्टच नको असं म्हणता येईल का? 13 न्यायाधीश बसले, 68 दिवस सुनावणी चालली आणि 24 एप्रिल 1973 ला 7 विरुद्ध 6 असा निकाल आला की दुरुस्ती करता येईल पण संविधानाचा गाभा, म्हणजेच ती मूलभूत संरचना, मोडता येणार नाही. गाभ्यात काय काय येतं याची पक्की यादी कोर्टाने केली नाही, प्रत्येक न्यायाधीशाने आपापली उदाहरणं दिली आणि पुढच्या केसेसमध्ये त्यात भर पडत गेली. 1975 ला इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या केसमध्ये, 1980 ला मिनर्व्हा मिल्समध्ये, 2015 ला न्यायाधीश नेमणुकीच्या आयोगाच्या केसमध्ये हाच मुद्दा वापरून घटनादुरुस्त्या रद्द झाल्या.

आणि स्वामी? ज्या 29 व्या दुरुस्तीने केरळचे जमीन कायदे सुरक्षित केले होते ती कोर्टाने वैध ठरवली, म्हणजे जमिनीपुरतं त्यांच्या हाती काही लागलं नाही. परीक्षेत हे बहुतेक विचारणार नाहीत, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

प्रश्न: माझ्या मुलीला दहावीत शिक्षकांनी आणीबाणीतला जबलपूर निकाल सांगितला आणि कोर्ट तेव्हा चुकलं असंही सांगितलं. या वयात असं सांगितलं तर मुलांचा न्यायालयावरचा विश्वास उडणार नाही का? – एक पालक, नाशिक

उत्तर: तुमची काळजी समजते, पण मी शिक्षकांच्या बाजूने आहे. आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. नऊ हायकोर्टांनी म्हटलं की अटक बेकायदा असेल तर दाद मागता येईल. सुप्रीम कोर्टाने 28 एप्रिल 1976 ला 4 विरुद्ध 1 ने ते फिरवलं. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत नाही. ते एक विरोधी मत खन्नांचं होतं, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला.

पण शिक्षकांना सांगा की गोष्ट इथे सोडू नका. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. आणि 2017 ला खासगीपणाच्या हक्काच्या केसमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं, लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, आणि 1976 च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. मुलीला हे कळू दे. चूक झाली की ती झाकत नाहीत, निकालात लिहून दुरुस्त करतात, हे बघून मुलांचा विश्वास उलट जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे.

बारावीच्या मुलांना आपल्या गडचिरोलीतल्या देसाईगंजची मथुरा केसही सांगता येते, वय बघून आणि जपून. पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने 1978 ला पोलिसांना सोडलं. मग कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, त्यात रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार होते, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 ला कायदा बदलला.

प्रश्न: मराठा आरक्षणाचा निकाल वर्गात घ्यावा का? भांडणं होतील. – एक शिक्षक, बीड

उत्तर: घ्या, पण बातम्या तापलेल्या असतील तेव्हा नको, आणि सुरुवात मंडल निकालापासून करा. 1992 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा घातली, अपवादात्मक परिस्थितीची वाट मोकळी ठेवून. 5 मे 2021 चा निकाल मुख्यतः मराठा आरक्षण त्या अपवादात बसतं की नाही यावर आहे, आणि पाचही जणांनी बसत नाही म्हटलं. मागास ठरवायचा अधिकार राज्यांना उरलाय का यावर मात्र 3 विरुद्ध 2 अशी फूट पडली, आणि लगेच ऑगस्टमध्ये संसदेने 105 वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. वर्गाचे दोन गट करा आणि ज्याचं घरचं मत जे असेल त्याच्या उलट बाजू त्याला मांडायला द्या. जातीवरून टोमणा आला तर तिथल्या तिथे थांबवा, त्यात ढिलाई नको.

प्रश्न: निकाल मराठीत कुठे मिळतात? – एक वाचक

उत्तर: सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर ई-एससीआर हा निकालांच्या संग्रहाचा विभाग आहे, फुकट आहे, 2023 च्या सुरुवातीला सुरू झाला. बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद तिथे आहेत, सगळ्यांचे नाहीत, आणि शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. अनुवादाची भाषा जड असते, त्यामुळे मुलांना अख्खा निकाल देऊ नका, सुरुवातीची हकिकत आणि शेवटचा आदेश एवढी पानं काढून द्या. घटनापीठांच्या सुनावण्या सप्टेंबर 2022 पासून ऑनलाइन दाखवतात, दहा मिनिटं लावली तरी मुलांना कळतं की वकिलाला मध्येच थांबवून न्यायाधीश प्रश्न विचारतात. तेवढंही शक्य नसेल तर तालुक्याच्या कोर्टात आधी विचारून एक सकाळ मुलांना घेऊन जा.