होल्टर नॉर्मल आला तरी ईपी स्टडी करायची का?

‘आईला मधूनच धडधडतं, चोवीस तासांचा होल्टर नॉर्मल, तरी डॉक्टर ईपी स्टडी सांगतायत. पैसे उकळतायत का?’ असं विचारलंय तुम्ही. (ईपी स्टडी म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांची आतून तपासणी.) ते ‘पैसे उकळतायत’ वाचलं आणि लिहायला बसले. आमचे थोरले दीर मला हेच ऐकवत आलेत.

होल्टर म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र. तो नॉर्मल म्हणजे त्या चोवीस तासांत काही झालं नाही, एवढंच. महिन्यातून एकदा येणारी धडधड नेमकी त्याच दिवशी मुहूर्त बघून येणार थोडीच!

माझी धडधड बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची, तशीच थांबायची. ईसीजीला पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी. मग काय, गॅस, टेन्शन, आणि भावोजींचं ‘नोकरी सोड, आपोआप थांबेल’. एकदा संध्याकाळच्या गर्दीत परळ स्टेशनच्या पुलावर सुरू झाली. मैत्रिणीने जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. ठोके 190! तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी घडी घालून माझ्या लोकलच्या पासाच्या कव्हरात सरकवली. म्हणाले, “ही जपा. आणि आजच झेरॉक्स काढा, हा कागद पुसट होतो.” त्या पट्टीवरूनच पुढे ईपी ठरली.

जांघेतल्या शिरेतून वायरी हृदयात नेतात. मी जागी होते. मुद्दाम जादा ठोके देऊन धडधड सुरू केली आणि काचेपलीकडून विचारलं, “हीच का?” हीच! इतकी वर्षं ‘मनाचे खेळ’ ऐकून घेतल्यावर ती पडद्यावर बघताना मला चक्क हसू आलं. एव्हीएनआरटी निघाली, म्हणजे हृदयाच्या मधल्या गाठीपाशी वीज गोल गोल फिरून होणारी धडधड. त्याच टेबलावर ॲब्लेशन केलं, म्हणजे ती जादा वाट जाळून बंद केली. भावोजींना रिपोर्ट दाखवला, तर म्हणे, “ही मशीनने सुरू केलेली. तुझी कुठेय?” आता बोला.

तर तुमच्या आईचं. धडधड अशी एकदम सुरू-बंद होत असेल आणि पट्टीवर एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून येणारी वेगवान धडधड) सापडली असेल, किंवा साध्या ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (विजेची जन्मजात जादा वाट) दिसत असेल, तर ईपी करा. हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडे वीज नेणाऱ्या फांदीत अडथळा) आहे आणि माणूस कारण न कळता बेशुद्ध पडतोय, तिथेही ती कामाची. अशा ब्लॉकवाल्यांचा एचव्ही, म्हणजे वीज मधल्या तारेतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ, ईपीत 70 मिलिसेकंद किंवा जास्त निघाला की पेसमेकरचा विचार होतो. उलट नाडी मंदावल्याचं आणि तेव्हाच चक्कर आल्याचं ईसीजीवर पकडलं गेलं असेल, तर पेसमेकर ठरवायला ईपी लागत नाही. पट्टीच नसेल तर आधी आठवडा-दोन आठवड्यांचा रेकॉर्डर मागा.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. धोका अगदीच नाही असंही नाही. जांघेत रक्त साकळतं, आणि एव्हीएनआरटीच्या ॲब्लेशनमध्ये शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना, पेसमेकर बसवावा लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ईपीच्या निकालाने आईचे उपचार बदलणार का? ॲब्लेशन त्याच वेळी करणार का, आणि मग खर्च किती?’ नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा. आणि ओपीडीत जाताना घरातले भावोजी सोबत नेऊ नका.