जपान की कोरिया? लिपीवरून ठरवू नका
"कोरियनची हंगुल लिपी दोन दिवसांत वाचायला आली, जपानीतली कांजी ही चिनी चिन्हं बघूनच घाम फुटतो. मग भाषा शिकायला जपान सोडून कोरियालाच जाऊ का?" असं विचारलंयत. मी जपानमध्ये भाषाशाळेत दोन वर्षं काढली, कोरियन नंतर शिकलो. लिपी हा निकष धरू नका.

हंगुलची मूलभूत अक्षरं आज 24च. राजा सेजोंगने 1446 मध्ये ही लिपी जाहीर केली, तीच मुळी सामान्य माणसाला शिकता यावी म्हणून. पण लिहायचं 'हान्गुक्' + 'माल' आणि म्हणायचं 'हान्गुङ्माल'. वाक् + मय = वाङ्मय आठवतंय ना? तोच संधी, फक्त भरभर बोलण्यात, आणि तो कानाला पकडता येईतो महिने जातात. जपानीत उच्चार सोपे, पण नित्य वापराच्या कांजी 2136. त्यातही एकच चिन्ह 'गाकुसेई'त सेई, 'इश्शो'त शो आणि एकटं आलं की 'नामा'. वाक्यरचना दोन्हीकडे मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. तेवढं आपल्याला फुकट मिळतं.

जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलणं नाही, लेखन नाही, नुसते पर्याय निवडायचे. मी तिची एन3 पातळी (एन5 सर्वात सोपी, एन1 सर्वात अवघड) पास होऊन दुकानात भाताचा डबा घेऊन उभा होतो. गल्ल्यावरची मुलगी भर्रकन म्हणाली, "आतातामेमास्का?" मला वाटलं पिशवी हवी का विचारतेय, म्हणून नको म्हटलं. ती डबा गरम करून देऊ का विचारत होती! थंडगार भात खाल्ला. टोपिक या कोरियनच्या परीक्षेच्या वरच्या टप्प्यात (पातळी 3 ते 6) निबंध लिहावाच लागतो, म्हणून तयारी जास्त पक्की होते असं माझं मत. मात्र टोपिकचा निकाल दोनच वर्षं चालतो, जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मुदत नाही.

आता पैसा. जपानमध्ये परवानगी काढून शिकता शिकता आठवड्याला 28 तास काम करता येतं. कोरियात भाषेच्या डी-4 व्हिसावर पहिले सहा महिने काम नाही. तेवढे दिवस सगळा खर्च खिशातून. उलट कोरियातले भाषावर्ग बरेचसे विद्यापीठांचेच असतात, दहा आठवड्यांचं सत्र, वर्षाला चार. पुढे तिथेच पदवी करायची तर आवारात वावर झालेला असतो, प्रवेशाचे नियमही समोरच विचारता येतात. जपानी भाषाशाळा बहुतेक खाजगी, विद्यापीठाचा प्रवेश वेगळा लढवायचा.

पदवी हवी की नोकरी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पदवी हवी असेल आणि सहा महिन्यांची पुंजी हाताशी असेल तर कोरिया. नोकरीच करायची असेल तर जपान; कांजीशी भांडण मिटवा आणि निघण्याआधी इथेच एन4 उरका.